नारळ धरा, मेस्त्री!

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो. "परब बाई, तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय शिकवायचात?" पूर्वी मी सविस्तर सांगायचे. समोरच्याची नजर श्रीखंडाच्या वाटीकडे वळली की समजायचं, आता थांबावं. हल्ली एका वाक्यात सांगते, "हात आवरायला." मग मात्र माणूस वाटी खाली ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे कसं?"

म्हणजे असं. आयटीआयमध्ये जो वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम शिकवतो त्याला निदेशक म्हणतात. निदेशक व्हायला नुसता हात चांगला असून भागत नाही, शिकवता येतं असं सरकारी प्रमाणपत्र लागतं. वीस-वीस वर्षं हत्यारं चालवलेली माणसं त्यासाठी पुन्हा बाकावर येऊन बसतात, पाठाचं टाचण काढतात, फळ्यावर लिहायला शिकतात आणि शेवटी परीक्षकासमोर खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांना एक पाठ देतात. मालवणकडच्या कट्टा गावाजवळच्या आमच्या केंद्रात अशा माणसांना तयार करायचं काम माझ्याकडे होतं. मी मूळची वायरमन. खांबावर चढलेय, शॉक खाल्लेत, आणि माझा स्वभाव तापट आहे हे मीच सांगून टाकते, म्हणजे ते दुसऱ्या कुणी सांगायला नको.

कारागिराला शिक्षक करणं हे जगातलं सगळ्यात मजेचं काम आहे असं माझं ठाम मत आहे. कारण कारागिराला स्वतःला काय काय येतं हे त्यालाच ठाऊक नसतं! सावंतवाडीचा एक सुतार होता. लाकडावर पटाशी अशी फिरवायचा की पाहत राहावं. मी विचारलं, "पटाशी किती तिरपी धरायची?" तो म्हणाला, "अंदाजान." "दाब किती द्यायचा?" "अंदाजान." "थांबायचं कधी?" तो माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "बाई, ता कळताच." मी त्या दिवशी वर्गाच्या दारावर कागद चिकटवला, आत अंदाज आणू नये. तो सुतार चिडला आणि कोनमापक घेऊन स्वतःचाच हात मोजायला बसला. दुपारी धावत आला. "बाई, माझो अंदाज गावलो! दर खेपेक तेवढोच येता!" पन्नाशीचा माणूस मार्क मिळालेल्या पोरासारखा नाचत होता आणि त्याच्याबरोबर मीही.

पण अंदाज हा किरकोळ रोग. खरा रोग हाताचा. विद्यार्थी चुकायला लागला की कारागिराचा हात आपोआप पुढे जातो, हत्यार काढून घेतो आणि काम करून टाकतो. त्याला वाटतं, आपण मदत केली. पोराला वाटतं, आपल्याला आलं. दोघेही खूश असतात आणि शिकलेलं कुणीच नसतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी नवी निदेशक होते तेव्हा सुहास नावाचा मुलगा माझ्या वर्गात होता. हात जड. वायर सोलताना आतली तार कापायचा. मला ते बघवायचं नाही. "आण इकडे," म्हणायचे आणि पक्कड ओढून घ्यायचे. वर्षभर ओढली. त्याचा परीक्षेचा बोर्ड वर्गात सगळ्यात देखणा झाला. पास होऊन तो कामाला लागला आणि महिन्याच्या आत परत आला, माझ्यासमोर उभा राहिला. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, "मॅडम, तो बोर्ड तुम्ही केलात. माका कधी करूकच दिलात नाय." सुहास आता रिक्षा चालवतो. कट्ट्याच्या स्टँडवर दिसला की हाक मारून बसवतो, घरापर्यंत सोडतो, पैसे घेत नाही. मला त्या रिक्षात बसायची लाज वाटते, आजही वाटते.

म्हणून मी हातांच्या मागे लागले. वर्गात सगळ्यांना हात पाठीमागे बांधून शिकवायला लावायचे. वेल्डर हसायचे, गवंडी कुरकुरायचे, पण जमवायचे. एक माणूस सोडून. तो म्हणजे वासूमेस्त्री.

वासूमेस्त्री तारकर्लीचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. आमच्या किनाऱ्यावर बंद पडलेलं कुठलंही डिझेल इंजिन आधी त्याच्याकडे येणार. कान लावून सांगायचा, आत काय बिघडलंय ते. बोलणं मात्र जवळजवळ नाही. "बरा आसा" आणि "नाय होवचा" एवढ्या दोन वाक्यांवर त्याने अर्धं आयुष्य काढलं असावं. अशा माणसाने शिक्षक व्हायला अर्ज केला तेव्हा मला आनंद झाला आणि घामही फुटला.

पहिल्या वर्षीच्या परीक्षेत त्याने काय केलं ते ऐका. पाठाला चाळीस मिनिटं. इंजिनात हवा शिरली तर ती काढायची कशी, हा विषय. मुलगा इंजिनापाशी आला, त्याने पाना हातात घेतला, पाना जरा उलटा धरला. झालं! वासूमेस्त्रीने पाना घेतला, सहा मिनिटांत हवा काढली, इंजिन चालू केलं, फडक्याला हात पुसले आणि परीक्षकांना म्हणाला, "बरा आसा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. खुद्द परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग त्याला नापास केलं. त्यांचं चुकलं नव्हतं. मी मागे बसून कपाळावर हात मारून घेतला, तोही चुकला नव्हता.

त्यानंतर महिनाभराने तो माझ्या घरी आला. हातात बांगडा मासळीची पिशवी. माझ्या सासूबाईंनी बांगडे आत नेले. तो ओट्यावर बसला आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"ह्या दोन बोटांत जोर नाय ऱ्हवलो. पानो सुटता."

"कधीपासून?"

"वरीस झाला. डॉक्टर म्हणतत, इंजिनाच्या थरथरीन शिरा गेल्यो. अजूनय जातल्यो." मग खाली बघत म्हणाला, "बाई, हात गेलो तर माझ्याबरोबर सगळाच जातला. कोणाक सांगूकच नाय मी काय. सांगूक येनाच नाय."

मी त्याच्यावर खूप ओरडले. वर्षभर गप्प का बसलात, म्हणून. ओरडताना डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आत गेले आणि चहा घेऊन बाहेर आले. मालवणला होडीच्या इंजिनांचा वर्ग काढायची तयारी चालली होती. शेड तयार, मुलं तयार, प्रमाणपत्र असलेला निदेशक तेवढा नव्हता. वासूमेस्त्री पास झाला तर तो वर्ग त्याचा. त्याला परीक्षेची आणखी एकच संधी होती, आणि माझीही निवृत्तीपूर्वीची ती शेवटची बॅच. "या वर्षी तुम्हाला पास केल्याशिवाय मी सही करून घरी जायची नाही," मी म्हणाले. तो पहिल्यांदा हसला. "आणि नाय झालंय तर?" "तर दोघंही तुमच्या दारात इंजिनं धूत बसू."

पण बोलणं सोपं. पहिले पंधरा दिवस मी त्याच्यावर सगळे उपाय केले. हात पाठीमागे बांधायला लावले, ते सुटले. खिशात घालायला लावले, बाहेर आले. एकदा खरोखरच पंच्याने मनगटं बांधली, तर कोपराने मुलाला बाजूला सारून पठ्ठ्या दाताने गाठ सोडायला लागला. वर्ग हसून लोळला. तो नाही हसला.

मग इंजिन आलं. एका ट्रॉलरवरून उतरवलेलं जुनं धूड कुणीतरी केंद्राला दिलं होतं. सहाजणांनी ते टेम्पोतून उतरवून वर्कशॉपमध्ये लाकडी चौकटीवर बसवलं. आता आमच्याकडे नवं काम सुरू करायचं आणि देवाला सांगायचं नाही, असं होत नाही. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकजण देवाशी मोठ्याने बोलतो, एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाणं कोण घालणार, अशी चर्चा चालली होती तेवढ्यात वासूमेस्त्री शांतपणे पुढे आला. त्याच्या वाडीत नारळीपौर्णिमेला तोच गाऱ्हाणं घालतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा! आज हयसर जा इंजिन इलासा, ता नीट चलांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येका जे कोण हात लावतले, तेंची बोटां शाबूत ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्या टाकीत पाणी शिरला असात, नळयेत वारो धरलो असात, तर ता सगळा भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टाकीपासून निघाला, नळी घेतली, फिल्टर घेतला, पंप घेतला, नोझलपर्यंत आला. प्रत्येक भागासाठी वेगळं मागणं. एक भाग सांगायचा, थांबायचा, सगळ्यांनी होकार दिला की पुढचा. पाऊण तास चालला असता तरी कुणी हललं नसतं. खणखणीत आवाज, एक शब्द अडखळला नाही. आणि त्या सगळ्या वेळात त्याचे दोन्ही हात नारळावर होते!

मी देवासमोर उभी आहे हे विसरून ओरडले, "हेच! अरे, हेच!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. वासूमेस्त्रीने डोळे उघडले. त्याला वाटलं, गाऱ्हाण्यात काहीतरी चुकलं.

"मेस्त्री, तुम्ही आत्ता काय केलंत? अख्खं इंजिन शिकवलंत. एका वेळी एक गोष्ट सांगितलीत, समोरच्यांना कळली का ते बघितलंत, मग पुढे गेलात. हा पाठ झाला!"

"ता देवाक सांगलंय, बाई."

"देवाला सांगता येतं तर पूजाला का येत नाही?"

पूजा ही सरावासाठी आमच्याकडे येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांपैकी एक. आतल्या गावातली, भातशेती करणाऱ्यांच्या घरातली. होडीत कधी पाय ठेवला नव्हता, पण इंजिनाचं भारी वेड. ती लगेच म्हणाली, "सांगा, मी व्हय म्हणतंय."

दुसऱ्या दिवसापासून मी वासूमेस्त्रीच्या हातात नारळ दिला. देवापुढचा नव्हे, बाजारातून आणलेला दुसरा. पाठ संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही. नारळ हातात असला की पाना उचलता येत नाही, आणि नारळ हातात आला की त्याची जीभ सुटते, असा दुहेरी हिशेब. सुरुवातीला त्याला संकोच वाटला. मग मुलं रंगात आली. तो म्हणायचा, "ह्यो फिल्टर. ह्येच्यार एक बोल्ट आसा, दिसलो?" मुलं ओरडायची, "व्हय म्हाराजा!" ज्याला दिसला नसेल तो गप्प राहायचा आणि वासूमेस्त्री थांबायचा. किती साधी गोष्ट! शिकवण्याच्या पद्धतींवरच्या आमच्या जाड पुस्तकात हेच लिहिलंय, पण ते वाचून झोप यायची.

पहिल्या आठवड्यात दोन नारळ फुटले. एकदा मुलाचा पाना घसरला तेव्हा याने नारळ टाकून झडप घातली. फुटलेल्या खोबऱ्याची चटणी मी करून आणली आणि सगळ्यांना वाढताना बजावलं, "ही चटणी म्हणजे मेस्त्रींची चूक आहे, चवीने खा." तिसरा नारळ मात्र टिकला. त्याची शेंडी झिजून गेली तरी टिकला.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाहेरगावचे होते, उंच, बारीक, बोलायला अगदी मोजके. त्यांनी वासूमेस्त्रीचं टाचण वाचलं. शैक्षणिक साधनं या सदरात लिहिलं होतं, डिझेल इंजिन, पाने, फडके, नारळ. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"नारळ कशासाठी?"

वासूमेस्त्री सरकारी माणसासमोर ताठ उभा राहून त्याला येत असलेल्या सगळ्यात शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, हे माझे हात बंद ठेवण्याचे साधन आहे."

साहेबांनी टाचणावर काहीतरी लिहिलं. मला मागच्या बाकावर बसायचं होतं आणि नियमाप्रमाणे एक शब्दही बोलायचा नव्हता. मला! मी पदराचं टोक तोंडात धरलं.

पाठ सुरू झाला. पहिली पाच मिनिटं तो शुद्ध भाषेत बोलला आणि घामाने भिजला. मग कधीतरी मालवणीत घसरला आणि तिथून गाडी पळाली. इंजिन बंद का पडतं, डिझेलच्या नळीत हवा शिरली की काय होतं, ती काढायची कशी. पूजाला पुढे बोलावलं. काम असं असतं, फिल्टरवरचा बोल्ट थोडा ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार लागते. धार चालू असतानाच बोल्ट आवळायचा. एका हाताने पंप, दुसऱ्या हाताने पाना. पंप सोडून मग आवळलं की हवा पुन्हा आत.

पूजाने धार आणली. सुंदर धार! आणि पंप सोडला, दोन्ही हातांनी पाना धरला, बोल्ट आवळला.

मला चूक दिसली. बाकीच्या मुलांना कळलं नाही. परीक्षकांना कळलं असावं, त्यांनी घड्याळात बघितलं. सहा मिनिटं उरली होती. वासूमेस्त्रीला तर तो बोल्ट वळायच्या आधीच कळलं होतं. पूजाने इंजिन सुरू केलं. ते दोनदा खोकलं आणि मेलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेलं. इंजिन चालू न होता पाठ संपला तर तो अपुरा, आणि निदेशकाने स्वतः चालू केलं तर नापास. गेल्या वर्षीचीच घडी, विद्यार्थी चुकलेला आणि पाना हाताच्या अंतरावर.

वासूमेस्त्री एक पाऊल पुढे आला. मी डोळे मिटले. मग उघडले, कारण न बघणं मला जमत नाही. त्याची बोटं नारळावर इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. जोर गेलेली ती दोन बोटंसुद्धा. तो इंजिनापासून हातभर अंतरावर थांबला आणि हळू आवाजात म्हणाला,

"पूजा, बोल्ट आवळलंस तेव्हा डिझेल येत होता की थांबलेला?"

पूजाने बोल्टवर बोट ठेवून बघितलं.  तो उत्तर न सांगता थांबला.  मी असते तर त्या वेळात तीनदा उत्तर सांगून मोकळी झाले असते.

"थांबलेला," पूजा म्हणाली.

"मगे वाऱ्याक वाट खंय गावली?"

तिने फिल्टरकडे बघितलं, पंपाकडे बघितलं, स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं. "मी पंप सोडलंय! सोडूक नको होतो!"

"मगे आता?"

ती उत्तर द्यायला थांबलीच नाही. डाव्या हाताने पंप, उजव्या हाताने पाना. फेस, बुडबुडे, धार, आणि धार चालू असतानाच बोल्ट गच्च. इंजिन एकदा खोकलं आणि मग असं धडधडायला लागलं की खिडकीची तावदानं वाजली! मुलं ओरडली, पूजा ओरडली, नियमबियम विसरून मीही ओरडले. त्या आवाजात परीक्षक वासूमेस्त्रीजवळ जाऊन काहीतरी बोलले. नंतर मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब म्हणालो, आता नारळ खाली ठेवलो तरी चलात."

निकालाच्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, झाला," एवढंच बोलला आणि त्याच्या नेहमीच्या स्वभावाप्रमाणे त्याने फोन ठेवून दिला.  

मी निवृत्त झाले. मालवणची शेड सुरू झाली. या पावसाळ्यानंतर एकदा मुद्दाम बघायला गेले. दारात बंदराचा खारा वास, आत डिझेलचा. वासूमेस्त्री एका कोपऱ्यात चारजणांना पंप उघडायला लावत होता, स्वतः नुसता बोलत होता. त्याची दोन बोटं आता पूर्ण वाकली आहेत. खिडकीच्या फळीवर तो जुना नारळ ठेवलेला होता. पूजा आता तिथेच शिकते. ती दुसऱ्या कोपऱ्यात बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर ओढत होती.

मी तिच्याजवळ गेले. वायरचं टोक सोलत होती. पक्कड चुकीची धरलेली, दाब जास्त, आतली तार कापली जाणार हे मला लांबूनच दिसत होतं. "अगं, अशी नव्हे, आण इकडे," मी म्हणाले आणि पक्कड माझ्या हातात आलीसुद्धा. कशी आली ते मला कळलं नाही.

"बाई."

वासूमेस्त्री माझ्यामागे उभा होता. त्याने पक्कड माझ्या हातातून हलकेच काढून पूजाला परत दिली आणि खिडकीवरचा नारळ माझ्या दोन्ही हातांत ठेवला.

"धरा," म्हणाला.

मी, परब बाई, इतक्या माणसांना हात आवरायला शिकवणारी, त्या शेडमध्ये नारळ धरून उभी राहिले. पूजाने पहिल्यांदा तार कापली. मला सुहास आठवला. मी नारळ घट्ट धरला. तिने दुसऱ्यांदा कापली. मग ती थांबली, पक्कड फिरवून धरली, टोक बोटांनी तपासलं आणि तिसऱ्यांदा जपून सोललं. एकही तार तुटली नाही. तिने जोड दिला, बटण दाबलं, दिवा लागला, आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बंदरावरच्या माणसांनी वळून बघितलं असेल.

"व्हय म्हाराजा!"